कॅमेरा नवा, सॉफ्टवेअर जुने : मालक कोण?

आमच्या गटाने वर्गणी काढून एक सेकंडहँड कॅमेरा घेतला. आधीचा दहा वर्षे राबला आणि शेवटी त्याच्या शटरने मान टाकली. नव्या कॅमेऱ्यावर पहिल्याच कार्यक्रमाचे चारशे फोटो काढले, कार्ड संगणकाला लावले, आणि आमचा नेहमीचा फोटो संपादनाचा प्रोग्राम म्हणाला, ही फाइल ओळखता येत नाही. चारशेपैकी एकही नाही.

हा प्रोग्राम चोरीचा नव्हता. रीतसर पैसे मोजून, पावती घेऊन विकत घेतलेला होता. विक्रेत्याला लिहिले तर उत्तर आले, ते उत्पादन बंद झाले आहे, आता मासिक भाड्याची आवृत्ती घ्या. नाव घेत नाही, कारण एका कंपनीला शिव्या घालून हा विषय संपत नाही. या धंद्यात ही रीतच पडली आहे.

गटाच्या बैठकीत यावर तीन प्रकारची मते आली. एक म्हणाला, भाडे भरू, जमान्याबरोबर चालायला हवे. दुसरा म्हणाला, क्रॅक टाका, अर्धा महाराष्ट्र तेच वापरतो. तिसरा जरा चिडूनच म्हणाला, लोकांना घर नाही, नोकरी नाही, आणि तुम्ही फोटोच्या सॉफ्टवेअरवर बैठक घेताय? तिघेही आमचेच मित्र आहेत. तिघांचेही म्हणणे आम्हाला मान्य नाही, आणि का नाही ते इथे मांडतो.

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो प्रामाणिक आहे. त्या प्रोग्रामच्या कॅटलॉगमध्ये फक्त फोटो नाहीत. प्रत्येक फोटोखाली आम्ही नावे लिहिली आहेत. कोणत्या वस्तीतला मोर्चा, कोणत्या साली, पुढे बॅनर धरलेल्या बाई कोण, मागे डोक्याला निळा फेटा बांधलेले आजोबा कोण. यातली कितीतरी माणसे आज नाहीत. त्यांच्या नातवंडांनी फोटो मागितला तर आम्ही नाव टाकून दोन मिनिटांत काढून देतो. आपल्या माणसांची नावे दुसऱ्या कोणी लिहून ठेवली नाहीत, हे आपण सगळे जाणतो. म्हणून हे काम आम्ही केले. आता ती नावे ज्या पेटीत आहेत, त्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न क्षुल्लक कसा? आणि तालुक्याच्या गावात लग्नाचे अल्बम करून पोट भरणाऱ्या पोराला विचारा, त्याच्यासाठी हा शौकाचा विषय आहे का.

आता मुळात अडचण कुठे आहे ते समजून घेऊ. कॅमेरा सेन्सरवर पडलेला प्रकाश जसाच्या तसा नोंदवतो, त्या कच्च्या नोंदीला रॉ फाइल म्हणतात. जेपीईजी म्हणजे शिजवलेली भाजी, रॉ म्हणजे बाजारातून आणलेली. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी. कॅननची सीआर२ आणि आता सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ. फाइलच्या आत कॅमेऱ्याच्या मॉडेलचे नाव असते. संपादनाचा प्रोग्राम ते नाव आपल्या यादीत शोधतो. यादीत असेल तर त्या सेन्सरचे काळे कुठे, पांढरे कुठे, रंग कसे वाचायचे, ही माहिती वापरून चित्र उघडतो. यादीत नसेल तर दार बंद. बऱ्याच वेळा नव्या फाइलची रचना जुनीसारखीच असते, फक्त यादीत नाव चढलेले नसते. रेशन दुकानात माणूस समोर उभा आहे, अंगठाही लागतोय, पण यादीत नाव नाही म्हणून धान्य नाही, तसेच काहीसे.

जगजाहीर उदाहरण घेऊ. अडोबी कंपनीचा लाइटरूम हा प्रोग्राम 2007 साली बाजारात आला. त्याची सहावी आवृत्ती 2015 ची. स्वतंत्र विकत मिळणारी ती शेवटची, किंमत 149 डॉलर. डिसेंबर 2017 मध्ये 6.14 हा शेवटचा अपडेट आला आणि यादी गोठली. 2018 मध्ये कॅननने सीआर३ हा नवा फाइल प्रकार आणला, तो या प्रोग्रामला थेट कधीच वाचता आला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यातला नकाशाचा विभागही बंद पडला, कारण तो गुगलच्या नकाशासेवेवर चालत होता आणि ती जोडणी तुटली. फोटोशॉपचे त्याआधीच झाले होते. सीएस६ ही 2012 ची आवृत्ती, आणि मे 2013 मध्ये कंपनीने सांगून टाकले की यापुढे फक्त भाडे.

ॲपलचा ॲपर्चर 2005 साली 499 डॉलरला आला होता. 2014 मध्ये त्याचे पुढचे काम थांबवल्याची घोषणा झाली. गंमत अशी की ॲपर्चर रॉ फाइली स्वतः वाचत नसे, ते काम मॅकची कार्यप्रणाली करायची. त्यामुळे प्रोग्राम मेल्यावरही काही वर्षे नवे कॅमेरे त्यात उघडत राहिले. मग 2019 मध्ये कॅटालिना आली आणि ॲपर्चर चालूच होईना. म्हणजे दोन मार्गांनी मरण येते. एक तर कॅमेरा पुढे जातो, नाही तर संगणक पुढे जातो. मध्ये वापरणारा उभा.

आता पहिल्या मित्राकडे. तो म्हणतो, महिन्याला दहा डॉलर काही फार नाहीत. हिशेब करू. 149 डॉलरला कायमचा मिळणारा प्रोग्राम, त्याऐवजी महिन्याला 9.99 डॉलरची फोटोग्राफी योजना. पंधरा महिन्यांत जुनी पूर्ण किंमत वसूल. सोळाव्या महिन्यापासून तुम्ही कशाचे पैसे देता? नव्या सोयींचे, असे कंपनी म्हणेल. ते काही अंशी खरेही आहे. पण ज्याला त्या सोयी नको आहेत, फक्त नवा कॅमेरा चालायला हवा आहे, त्याला वेगळा रस्ता ठेवलेलाच नाही. आणि भाडे तेवढेच राहील याची हमी कोणी दिली? जानेवारी 2025 मध्ये ती 20 जीबीची योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली आणि दरमहा भरणाऱ्या जुन्यांचा दर 14.99 वर गेला. सोडायचे म्हटले तरी सोपे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून 2024 मध्ये अडोबीवर जो दावा दाखल केला, त्यातला मुख्य आरोपच हा होता की मुदतीआधी योजना सोडण्याचा दंड ग्राहकापासून लपवला जातो आणि सोडण्याची वाट मुद्दाम बिकट केली आहे.

कोकणातल्या खोतीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जमीन कसायची कुळाने, घाम त्याचा, बी त्याचे, पण खळ्यावर खोताचा वाटा आधी. पिढ्यानपिढ्या कसूनही मालकी नाही. बाबासाहेबांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याच प्रश्नावर, कसणारा कोण आणि मालक कोण. कायदा व्हायला 1949 उजाडले. तुलना फार ताणायची नाही. खोताच्या दारात माणसाची अब्रू जात होती, इथे पैसे जातात. पण रचना ओळखीची आहे. भाडे थांबले की लाइटरूम क्लासिकमधला कॅटलॉग उघडतो, फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, पण डेव्हलप हा विभाग बंद होतो. पीक तुमचे, नांगराला हात लावायचा नाही.

यावर आमच्यातलाच एक आयटीवाला म्हणाला, अरे, प्रत्येक नवा कॅमेरा प्रयोगशाळेत मोजावा लागतो, इंजिनिअरला पगार लागतो, फुकट अपडेट आयुष्यभर कोण देणार? रास्त आहे. आयुष्यभर फुकट अपडेट आम्ही मागतच नाही. आमचे मागणे एवढेच आहे की तुम्ही काम थांबवता तेव्हा आमच्या हातातली वस्तू मारून जाऊ नका. ‘कायमचा परवाना’ म्हणून विकलेला प्रोग्रामसुद्धा नव्या संगणकावर टाकताना कंपनीच्या सर्व्हरची परवानगी मागतो. सर्व्हर बंद झाला की कायमचा परवाना कागदावर. यावर उपाय नाही असे म्हणू नका. जानेवारी 2013 मध्ये सीएस२ चे सर्व्हर बंद करताना अडोबीनेच परवानगी न मागणारी आवृत्ती आणि अनुक्रमांक जुन्या ग्राहकांसाठी खुले केले होते. एकदा जमले ते दर वेळी का जमू नये? ते कायद्याने बंधनकारक का नसावे?

कॅमेरा कंपन्यांनाही मोकळे सोडता येणार नाही, उलट मूळ दोष तिथला आहे. 2005 मध्ये निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सची नोंद कूटबद्ध केलेली आढळली. फोटोशॉपचे एक निर्माते थॉमस नॉल यांनी त्यावर जाहीर टीका केली, आणि डीसीरॉ हा खुला प्रोग्राम लिहिणारे डेव्ह कॉफिन यांनी ते कुलूप उघडून दाखवले. विचार करा, फोटो तुम्ही काढला, प्रकाश सूर्याचा, आणि त्या प्रकाशाचा रंग कोणता होता हे तुम्हाला कळू नये म्हणून कुलूप! त्याच सुमारास ओपनरॉ नावाने छायाचित्रकारांची मोहीम उभी राहिली, रॉ फाइलची रचना जाहीर करा या मागणीसाठी. वीस वर्षे झाली, बड्या कंपन्या आजही आपली रचना जाहीर करत नाहीत. डीसीरॉसारखे प्रोग्राम लिहिणारे लोक फाइली उलगडून, बाइट मोजत मोजत ती शोधून काढतात. डेव्ह कॉफिन यांनी हे काम 1997 पासून केले. आज लिबरॉ, डार्कटेबल, रॉथेरपी हे जे खुले प्रकल्प आहेत ते याच परंपरेतले. ज्ञान कुलपात ठेवणाऱ्यांचे आणि कुलूप उघडणाऱ्यांचे भांडण आपल्याला नवे नाही.

आता दुसऱ्या मित्राचे क्रॅक. आम्ही नैतिकतेचे प्रवचन देणार नाही, ज्यांच्यापासून सगळेच चोरले गेले त्यांना चोर म्हणायची हौस इथल्या व्यवस्थेला आधीच पुष्कळ आहे. पण म्हणूनच सांगतो, कार्यकर्त्याच्या संगणकावर चोरीचे सॉफ्टवेअर असू नये. ज्याला तुमच्या मागे लागायचे आहे, त्याला तुम्ही आयते कारण देता. क्रॅकबरोबर काय काय आत येते ते कोणालाच माहीत नसते, आणि त्या संगणकात लोकांची नावे, चेहरे, पत्ते आहेत. शिवाय क्रॅक करून तुम्ही त्याच खोताच्या जमिनीवर राहता, फक्त रात्री लपून. पुढच्या कॅमेऱ्याला पुन्हा क्रॅक शोधा, पुन्हा लपा. यात स्वावलंबन कुठे आहे?

आणि गरज काय? कायद्याने चालणारा रस्ता आहे, तो आमच्या गटाने वापरला, म्हणून सांगतो.

अडोबीनेच 2004 मध्ये डीएनजी नावाचा खुला रॉ प्रकार जाहीर केला. त्याची रचना कोणालाही वाचायला मिळते, वापरायला स्वामित्वशुल्क नाही. डीएनजी फाइल आपल्याबरोबर आपल्या सेन्सरची रंगांची माहिती घेऊन येते, त्यामुळे यादीत नाव नसले तरी तो प्रकार ओळखणाऱ्या जुन्या प्रोग्रामला ती उघडता येते. डीएनजी कन्व्हर्टर हा प्रोग्राम कंपनी मोफत देते आणि नव्या कॅमेऱ्यांसाठी तो अद्ययावत होत राहतो. सीआर३ फाइल त्यातून काढा, डीएनजी करा, आणि 2015 चा लाइटरूम ६ ती उघडतो. ज्या कंपनीवर इतके लिहिले तिचे हे काम चांगले आहे, ते मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही.

मात्र एक खाच आहे, तिथे बरेच जण अडकतात. कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये सुसंगततेचा पर्याय असतो, म्हणजे किती जुन्या प्रोग्रामला वाचता आले पाहिजे. तो सर्वात नव्या आवृत्तीवर ठेवला तर जुना प्रोग्राम पुन्हा तोंड फिरवू शकतो. तुमच्या प्रोग्रामच्या वयाचा किंवा त्याहून जुना पर्याय निवडा. लॉसी म्हणजे माहिती गाळून फाइल लहान करण्याचा पर्याय बंद ठेवा. 2023 च्या डीएनजी १.७ मध्ये जेपीईजी एक्सएल ही दाबण्याची नवी पद्धत आली आहे, ती जुन्यांना कळत नाही. दुसरे, मूळ रॉ फाइल पुसू नका. कॅमेरा कंपन्यांचे स्वतःचे मोफत प्रोग्राम, कॅननचा डीपीपी, निकॉनचा एनएक्स स्टुडिओ, डीएनजी वाचत नाहीत. हार्डडिस्कला दोन पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

कन्व्हर्टर नव्या आवृत्तीत जुनी कार्यप्रणाली सोडत जातो, हीसुद्धा अडचण आहे. म्हणून आम्ही दोन संगणक ठेवले. एका सदस्याच्या नव्या लॅपटॉपवर फक्त रूपांतर, तिथून पेनड्राइव्हने जुन्या संगणकावर. जुन्याला इंटरनेट जोडलेलेच नाही. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा अशी यंत्रे नेटपासून लांब ठेवणेच बरे. प्रोग्रामची मूळ इन्स्टॉल फाइल, शेवटच्या अपडेटची वेगळी फाइल आणि अनुक्रमांक यांच्या तीन प्रती तीन घरांत आहेत. अनुक्रमांक तर वहीतही लिहिला आहे. मॅकवाल्यांनी हे आधी पाहावे, कारण लाइटरूम ६ चा इन्स्टॉलर 32 बिटचा आहे, कॅटालिनापासून पुढे तो चालत नाही.

काही जण आणखी एक युक्ती करतात. एक्झिफटूल नावाचा फिल हार्वी यांचा मोफत प्रोग्राम आहे. त्याने फाइलमधले मॉडेलचे नाव बदलून त्याच घराण्यातल्या जुन्या कॅमेऱ्याचे नाव टाकायचे. रचना तीच असेल तर फाइल उघडते. पण रंग जुन्या सेन्सरच्या हिशेबाने वाचले जातात, ते थोडे चुकतात, आणि नोंदीत खोटे नाव राहते. ज्यांना फोटो पुरावा म्हणून वापरायचा आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, गेलात तर फक्त प्रतीवर. आम्ही करत नाही.

“हे सगळे जुगाड बेकायदा तर नाही ना?” असे एका मुलीने विचारले. डीएनजी करण्यात बेकायदा काहीच नाही, ती तुमची फाइल आहे. रॉ फाइल वाचण्यासाठी प्रोग्रामची रचना अभ्यासणाऱ्यांचा प्रश्न असेल तर आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 पाहा. कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ती कृतीही हे कलम उल्लंघन मानत नाही. 2012 च्या दुरुस्तीने आलेले 65अ हे कलम तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. अमेरिकेचा 1998 चा डीएमसीए यापेक्षा बराच कडक आहे. आपल्या कायद्यातली ही जागा फार थोड्यांना माहीत आहे, आणि जी जागा वापरली जात नाही ती हळूहळू बुजवली जाते.

सरकारचे काय? केंद्र सरकारने 2010 मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणले आणि 2015 मध्ये स्वतःच्या कार्यालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे. म्हणजे कुलूपबंद फाइलीत अडकण्याचा धोका राज्यसंस्थेला स्वतःपुरता कळतो. 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, पोर्टल काढले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने हे चार विभाग धरले. विकत घेतलेले सॉफ्टवेअर हा वेगळा विभाग नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा हक्क मागता येतो, मग ज्या प्रोग्रामवर पोट आहे तो चालू ठेवण्याचा का नाही? ग्राहक हक्काच्या नावाने काम करणाऱ्या मंडळींनी हा मुद्दा उचललेला आमच्या पाहण्यात नाही. कदाचित तिसऱ्या मित्रासारखेच त्यांनाही वाटत असेल, हा शौकाचा विषय आहे.

कॅमेरा घेतानाही प्रश्न विचारा. पेंटॅक्सने 2006 च्या के१०डी पासून आणि लायकाने त्याच वर्षीच्या एम८ पासून थेट कॅमेऱ्यातच डीएनजी दिले. लायका आपल्या खिशाला परवडणारा नाही, ते सोडा. पण पेंटॅक्स-रिकोचे जुने कॅमेरे सेकंडहँड बाजारात मिळतात, आणि डीएनजी देणारे फोनही आहेत. आम्ही स्वतः हा प्रश्न न विचारता कॅमेरा घेतला. चूक आमची.

मग कायमचे डार्कटेबलवर का जात नाही, असे मुक्त सॉफ्टवेअरवाले मित्र विचारतील. जात आहोत. नवे काम आता तिथेच करतो. पण एका प्रोग्राममध्ये केलेले रंगसंपादन दुसऱ्यात जसेच्या तसे उतरत नाही, कारण ती पाककृती आहे आणि दोघांचे मसाले वेगळे. नावे, टिपा आणि तारांकने मात्र वाचतात. लाइटरूममध्ये फोटो निवडून मेटाडेटा फाइलमध्ये लिहून घेतला की एक्सएमपी नावाच्या साध्या मजकुराच्या स्वरूपात ही माहिती बाहेर येते, आणि दुसरे प्रोग्राम ती वाचतात. हे काम जुना प्रोग्राम जिवंत आहे तोवरच करायचे असते. तो बंद पडल्यावर करू म्हणणाऱ्यांचे कॅटलॉग आम्ही पाहिले आहेत. ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे, खाली नाव नाही.

आमच्या कॅटलॉगमधल्या 2016 ते 2019 च्या फोटोंची नावे बाहेर काढून झाली आहेत. पुढची वर्षे बाकी आहेत. दर रविवारी सकाळी दोघे-तिघे बसतो. ज्यांच्याकडे बंद पडलेल्या प्रोग्रामच्या जुन्या सीडी, खोके, पावत्या आहेत त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत, आधी प्रती कराव्यात. आणि ज्यांना हे रूपांतर शिकायचे आहे त्यांनी स्वतःची हार्डडिस्क घेऊन यावे, चहा आमच्याकडे.

जय भीम.